डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव आणि सोनेरी औषध

मॅट्रिकच्या परीक्षेत लागोपाठ दोन वेळा अनुत्तीर्ण झालेल्या मुलाविषयी गावात काय बोलले जाते, हे आपल्या वाचकांस निराळे सांगावयास नको. गोदावरीच्या मुखाजवळच्या सुपीक प्रदेशात भीमावरम् नावाचे गाव आहे. तेथे १२ जानेवारी १८९५ रोजी जन्मलेल्या येल्लाप्रगडा सुब्बारावांच्या वाट्यास हे बोलणे यथेच्छ आले. वडील जगन्नाथम् महसूल खात्यात साध्या हुद्द्यावर होते. प्रकृतीने साथ न दिल्यामुळे त्यांना नोकरी लवकर सोडावी लागली. घरात सात मुले आणि मिळकत बेताची. त्यात वडिलांचे छत्रही अकाली हरपले. अशा घरातील हा मुलगा पुढे अमेरिकेतील एका मोठ्या औषधनिर्मिती संस्थेच्या संशोधनाचा प्रमुख झाला. आज जगातील बहुतेक दवाखान्यांत त्याच्या आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या कामाची काही ना काही खूण सापडते. असे असूनही त्याचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळते, म्हणून हा लेखप्रपंच.

लहानपणी सुब्बारावांचे मन अभ्यासात रमत नसे. तेराव्या वर्षी एका आप्ताला बरोबर घेऊन ते काशीस जावयास निघाले होते, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. तेथे यात्रेकरूंना केळी विकून श्रीमंत व्हावयाचे, असा त्या दोघांचा बेत होता! आई व्यंकम्मा यांनी त्यांना परत आणविले आणि पुन्हा शाळेत बसविले. ही बाई मोठी निश्चयी असली पाहिजे. पतीच्या पश्चात मुलाच्या शिक्षणासाठी तिने अंगावरचे सोने मोडले. शेवटी मद्रासच्या हिंदू हायस्कुलातून तिसऱ्या प्रयत्नात सुब्बाराव मॅट्रिक झाले आणि प्रेसिडेन्सी कॉलेजात गेले. तेथे त्यांच्या मनाने दुसरेच वळण घेतले. रामकृष्ण मठात जाऊन संन्यास घ्यावा, असे त्यांना वाटू लागले. आईने अनुमती दिली नाही. मग रुग्णसेवा हाही एक मार्ग आहे, असे मनाशी ठरवून त्यांनी मद्रास मेडिकल कॉलेजात नाव घातले. या शिक्षणाचा भार पुढे त्यांचे सासरे कस्तुरी सूर्यनारायण मूर्ती यांनी उचलला. १९१९ साली त्यांच्या कन्येशी, शेषगिरी यांच्याशी, सुब्बारावांचा विवाह झाला होता.

हे दिवस असहकाराच्या चळवळीचे होते. गांधीजींच्या हाकेला ओ देऊन सुब्बारावांनी विलायती कापड टाकले, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी अंगावर घालावयाचा झगादेखील खादीचा शिवून घेतला. शल्यशास्त्राचे इंग्रज प्राध्यापक ब्रॅडफील्ड यांना ते रुचले नाही. लेखी परीक्षा चांगली देऊनही सुब्बारावांस पूर्ण एम. बी. बी. एस. ही पदवी मिळाली नाही. त्याहून कमी प्रतीच्या एल. एम. एस. वर त्यांना समाधान मानावे लागले. या पदवीवर सरकारी वैद्यकीय सेवेत प्रवेश मिळेना, तेव्हा त्यांनी मद्रासच्या आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकविण्याची नोकरी धरली.

याच सुमारास त्यांच्या घरावर जो आघात झाला, त्याने पुढच्या सर्व आयुष्याची दिशा ठरविली. त्यांचे दोन भाऊ थोड्याच दिवसांच्या अंतराने एकाच रोगाने दगावले. तो रोग म्हणजे संग्रहणी. डॉक्टर मंडळी त्याला स्प्रू म्हणतात. आतड्यास अन्न शोषून घेता येत नाही, जुलाब हटत नाहीत, रक्त पांढुरके पडते, जीभ सोलवटते आणि माणूस दिवसेंदिवस झिजत जातो. त्या काळी यावर हमखास औषध नव्हते. डॉक्टर होऊन घरात बसलेल्या भावाला आपल्या भावांसाठी काहीही करता आले नाही. उष्ण कटिबंधातील रोगांचा खोल अभ्यास केल्यावाचून गत्यंतर नाही, असे सुब्बारावांनी ठरविले. काकिनाड्याच्या एका धर्मादाय निधीची मदत आणि सासऱ्यांचा पैसा एवढ्या पुंजीवर ते निघाले, आणि २६ ऑक्टोबर १९२२ रोजी अमेरिकेत बोस्टन शहरी पोहोचले. लवकर परत येईन, असे पत्नीस सांगून ते गेले होते. ते परत आले नाहीत, आणि शेषगिरीबाईंची व त्यांची पुन्हा भेट झाली नाही.

या ठिकाणी क्षणभर थांबावेसे वाटते. थोर पुरुषांची चरित्रे लिहिताना अशा गोष्टी एका वाक्यात उरकण्याची आपल्याकडे पद्धत आहे. सुब्बाराव पत्रे पाठवीत, पैसे पाठवीत, येण्याचे बेत कळवीत. प्रत्येक वेळी हातातले काम आडवे येई. त्यांच्या कामाने लाखो लोक वाचले, हे खरेच आहे. परंतु त्या कामाची किंमत आंध्रातील एका घरात पंचवीस वर्षांहून अधिक काळ कोणी तरी मुकाट्याने भरीत होते, हेही तितकेच खरे आहे. एकाने दुसऱ्याची भरपाई होते, असे निदान मला तरी म्हणवत नाही.

बोस्टनमध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या उष्णकटिबंधीय वैद्यक शाखेत प्रवेश मिळाला. परंतु पोटापाण्याची सोय नव्हती. हिंदुस्थानातील वैद्यकीय पदवीवर तेथे डॉक्टरकी करता येत नसे. सुब्बारावांनी पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात रात्रपाळीच्या हमालाचे काम पत्करले. रुग्णांची मलमूत्राची भांडी उचलणे आणि धुणे हे ते काम. दिवसा विद्यापीठ, रात्री रुग्णालय. असे करीत त्यांनी पदविका मिळविली आणि मग जीवरसायनशास्त्र विभागात सायरस फिस्क यांच्या हाताखाली संशोधन आरंभिले.

रक्तात आणि स्नायूत फॉस्फरस किती आहे, हे अचूक मोजण्याची सोपी रीत त्या काळी नव्हती. १९२५ साली फिस्क व सुब्बाराव यांनी ती प्रसिद्ध केली. द्रव्यात विशिष्ट रसायने घातली असता निळा रंग येतो. फॉस्फरस जितका अधिक, तितका तो रंग गडद. रंग मोजला की फॉस्फरस मोजला गेला. ऐकावयास ही गोष्ट क्षुल्लक वाटते. पण हातात नवे माप आले, की पूर्वी न दिसलेल्या गोष्टी दिसू लागतात. या मापाच्या साहाय्याने त्या दोघांनी १९२७ साली स्नायूतील फॉस्फोक्रिएटिन आणि १९२९ साली ए. टी. पी. हे द्रव्य ओळखले. त्याच वर्षी जर्मनीत लोहमान यांनाही ए. टी. पी. स्वतंत्रपणे सापडले. आपण बोट हलवितो, डोळा मिटतो, त्या प्रत्येक वेळी खर्ची पडणारे शक्तीचे नाणे म्हणजे हे ए. टी. पी. होय. आज दहावीच्या विज्ञानात ते शिकविले जाते. १९३० साली सुब्बारावांना हार्वर्डची डॉक्टरेट मिळाली.

यानंतर मात्र त्यांची गाडी अडली. हार्वर्डने त्यांना कायम प्राध्यापकपद दिले नाही. एका प्रयोगशाळेत अनेक वर्षे काम करूनही त्यांचे पुष्कळसे शोध प्रकाशातच आले नाहीत. फिस्क यांच्या मत्सरामुळे असे घडले आणि इतरांना ते शोध वर्षांनंतर पुन्हा लावावे लागले, अशी साक्ष त्याच विभागात शिकलेले आणि पुढे १९८८ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे जॉर्ज हिचिंग्ज यांनी दिली आहे. सुब्बारावांनी स्वतः मात्र या बाबतीत कोठे तक्रार केल्याचे दिसत नाही. श्रेयासाठी भांडणे त्यांच्या स्वभावातच नव्हते. तो त्यांचा मोठेपणा मानावा की व्यवहारातील उणीव, यावर मतभेद होऊ शकेल.

१९४० साली ते न्यूयॉर्कजवळच्या पर्ल रिव्हर गावी लेडर्ली प्रयोगशाळेत रुजू झाले आणि अल्पावधीतच तेथील संशोधनाचे संचालक झाले. एकट्याने परीक्षानळी घेऊन बसण्याचे दिवस आता संपले. रसायनज्ञ, वनस्पतिशास्त्रज्ञ, जंतुशास्त्रज्ञ, प्राण्यांवर प्रयोग करणारे, कारखाना चालविणारे अशा शेकडो माणसांना एका कामास जुंपावयाचे, ही त्यांची नवी भूमिका. ती त्यांनी अशी काही वठविली, की पुढच्या आठ वर्षांत त्या एका प्रयोगशाळेतून निघालेली औषधे मोजताना आश्चर्य वाटते.

त्यांतले पहिले त्यांच्या भावांच्या रोगाशी निगडित होते. मुंबईत १९२८ नंतर ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई गर्भवती स्त्रियांच्या पांडुरोगाचा अभ्यास करीत होत्या. गिरणगावातील गरीब बायका निकृष्ट आहारामुळे या रोगाने मरत. यीस्टच्या अर्काने त्या बऱ्या होतात, हे विल्सबाईंनी १९३१ साली दाखवून दिले. मात्र अर्कातील गुणकारी द्रव्य कोणते, ते कळले नव्हते. त्या द्रव्यास पुढे फॉलिक ॲसिड हे नाव मिळाले. सुब्बारावांच्या माणसांनी ते शुद्ध स्वरूपात मिळवून १९४५ साली प्रयोगशाळेत तयार करून दाखविले, आणि थोड्याच काळात ते संग्रहणीच्या रोग्यांवरही गुणकारी ठरले. ज्या रोगाने घरातील दोन माणसे नेली, त्यावरची गोळी हाती यावयास सुमारे पंचवीस वर्षे लागली. आज आपल्या आरोग्य केंद्रांत गर्भवतींना लोहाबरोबर देतात ती गोळी याच द्रव्याची.

फॉलिक ॲसिडची रचना कळल्यावर त्याच्यासारखे दिसणारे, परंतु त्याच्या उलट काम करणारे पदार्थ बनविता आले. बोस्टनचे सिडनी फार्बर यांनी ते रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या मुलांना दिले. १९४८ साली त्यांनी प्रथमच असे दाखवून दिले, की हा रोग औषधाने काही काळ तरी मागे हटविता येतो. त्यांपैकी मेथोट्रेक्सेट आजही वापरात आहे. हत्तीरोगावरील हेट्राझान हेही त्याच प्रयोगशाळेतून १९४७ साली आले. गावोगाव घरोघर वाटल्या जाणाऱ्या डी. ई. सी. च्या गोळ्या त्याच औषधाच्या होत.

आता या लेखाच्या मुख्य विषयाकडे वळू. पेनिसिलिन आले होते. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडले होते. तरीही कित्येक जंतू या दोहोंस दाद देत नसत. विषमज्वराचा भाऊ शोभेल असा टायफस ताप, गुरांपासून माणसास होणारा ब्रुसेला जंतूचा ताप, पोपटांपासून होणारा फुप्फुसाचा रोग असे अनेक रोग शिल्लक होते. सुब्बारावांनी या कामासाठी निवड केली ती बेंजामिन डग्गर यांची. डग्गर हे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. वय झाले म्हणून विद्यापीठाने त्यांना निवृत्त केले होते. सत्तरी उलटलेल्या माणसाला नव्या, घाईच्या कामावर कोण घेतो? सुब्बारावांनी घेतले. माणसे पारखण्याची त्यांची ही शक्ती मला त्यांच्या रसायनविद्येइतकीच महत्त्वाची वाटते.

डग्गरांनी ठिकठिकाणच्या ओळखीच्या लोकांस पत्रे धाडून मातीचे नमुने मागविले. मूठभर मातीत असंख्य बुरश्या आणि बुरशीसारखे दिसणारे जंतू राहतात, आणि एकमेकांस हटविण्यासाठी ते विषारी द्रव्ये सोडतात. या भांडणातून आपल्या उपयोगाचे काही मिळते का, ते पाहावयाचे असते. काचेच्या थाळीत खळीसारखा पोषक थर ओतून त्यावर मातीतील एक जीव रेघेसारखा वाढवितात आणि त्या रेघेला आडव्या अशा रोगजंतूंच्या रेघा ओढतात. जेथे रोगजंतू रेघेपर्यंत न पोहोचता अलीकडेच थबकतात, तेथे काही तरी आहे असे समजावयाचे. हजारो थाळ्या तपासाव्या तेव्हा एखादी अशी निघते. १९४५ साली मिसुरी विद्यापीठाच्या सॅनबर्न फील्ड या जुन्या प्रयोगशेतातील २३ क्रमांकाच्या तुकड्यातून आलेल्या मातीत असा एक जीव सापडला. त्या तुकड्यात कित्येक वर्षे टिमोथी नावाचे गवत वाढविले जात होते. या जिवास ए-३७७ हा क्रमांक मिळाला. त्याची वसाहत सोन्यासारखी पिवळी दिसे, म्हणून त्याचे शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसिस ऑरिओफेशियन्स आणि त्याने निर्माण केलेल्या औषधाचे नाव ऑरिओमायसिन पडले. ऑरम् म्हणजे लॅटिन भाषेत सोने.

आपल्याकडील काही पुस्तकांत ऑरिओमायसिनचा शोध सुब्बारावांनी लावला, असे सरळ लिहिलेले असते. ते तसे बरोबर नाही. तो जीव डग्गरांनी शोधला आणि शोधनिबंधावर नावही डग्गरांचेच आहे. सुब्बारावांचे काम वेगळे होते. जिवाने सोडलेले द्रव्य शुद्ध करणे, प्राण्यांवर तपासणे, रुग्णालयांकडून चाचण्या करविणे, मोठ्या टाक्यांत पीक काढणे ही सारी साखळी त्यांनी उभी केली आणि ती कोठे तुटू दिली नाही. भूमीत सापडलेले बी आणि बाजारात आलेले धान्य यांच्यामध्ये जो शेतकरी असतो, त्या जागी ते होते. त्यांना डग्गरांचे श्रेय चिकटविले, तर त्यांनाही ते आवडले नसते.

जुलै १९४८ मध्ये न्यूयॉर्कला शास्त्रज्ञांच्या सभेत ऑरिओमायसिन जाहीर झाले. पेनिसिलिनहून कितीतरी अधिक प्रकारच्या जंतूंवर ते चालते आणि तोंडाने घेता येते, म्हणून त्याची कीर्ती त्वरित पसरली. पुढच्याच महिन्यात, ९ ऑगस्टच्या सुमारास, सुब्बाराव रात्री झोपले ते सकाळी उठले नाहीत. झोपेतच हृदयविकाराने त्यांचा अंत झाला होता. वय अवघे त्रेपन्न. १९४६ पर्यंत अमेरिकेचा कायदा हिंदी माणसास नागरिक करून घेत नव्हता; नंतर ती सोय झाली, तरी त्यांनी नागरिकत्व घेतले नाही. पाच वर्षांनी, १९५३ साली, बुरशीच्या एका नव्या प्रजातीस त्यांच्या स्मरणार्थ सुब्बारोमायसिस हे नाव देण्यात आले. भारत सरकारने त्यांच्या जन्मशताब्दीस, १९९५ साली, टपाल तिकीट काढले. त्यांच्या नावाचा गाजावाजा एवढाच.

माणूस गेला, तरी औषधाचे आयुष्य आता कोठे सुरू झाले होते. फायझर कंपनीतील लॉइड कॉनोव्हर यांनी ऑरिओमायसिनच्या रेणूतील क्लोरिन काढून टाकून टेट्रासायक्लिन तयार केले, आणि निसर्गाने घडविलेल्या प्रतिजैविकात मनुष्याला सुधारणा करता येते हे सिद्ध झाले. रेणूत चार कडी शेजारी शेजारी जोडलेली असतात, म्हणून ते नाव. याच घराण्यातील डॉक्सिसायक्लिन १९६७ साली आले. कोकण आणि गोव्यात पावसाळ्यात चिखलात भात लावणाऱ्या माणसास उंदराच्या वा गुराच्या मूत्रातून लेप्टोचा ताप होतो, तेव्हा डॉक्टर जी गोळी देतात ती बहुधा हीच. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेस प्लेगची हूल उठली, त्या वेळी दुकानांतून टेट्रासायक्लिन नाहीसे झाले. तेथील लोक मिळेल त्या गाडीने बाहेर पडत होते, आणि बडोद्यापासून मुंबईपर्यंत जो तो या एका गोळीच्या शोधात होता.

परंतु या औषधाचा मोठा भाग रुग्णांच्या पोटात गेलाच नाही. तो कोंबड्यांच्या पोटात गेला. हकीकत अशी. औषध काढून घेतल्यावर टाकीत जो चोथा उरतो, त्यात ब जीवनसत्त्वे असतात. सुब्बारावांच्या मृत्यूनंतर थोड्याच महिन्यांत, १९४८ च्या अखेरीस, लेडर्लीतीलच थॉमस ज्यूक्स यांनी हा चोथा कोंबडीच्या पिलांना खाऊ घालून पाहिला. जीवनसत्त्वाने जेवढी वाढ व्हावी, त्यापेक्षा पिले अधिक वाढली. चोथ्यात उरलेल्या थोड्याशा ऑरिओमायसिनमुळे असे घडते, हे ज्यूक्स व त्यांचे सहकारी स्टॉकस्टाड यांनी ओळखले. १९५० साली ही वार्ता वृत्तपत्रांत झळकली आणि १९५१ साली अमेरिकेत पशुखाद्यात प्रतिजैविक मिसळण्यास परवानगी मिळाली. त्यासाठी डॉक्टरची चिठ्ठी लागत नसे. डुक्कर, वासरू, कोंबडी, सर्वांच्या दाणापाण्यात चिमूटभर औषध पडू लागले. मांस स्वस्त झाले, आणि युद्धाने थकलेल्या जगाला ते हवेच होते. ज्यूक्स यांना दोष देण्यापूर्वी ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे.

चिमूटभर औषध हेच दुखणे होते. जंतूला मारून टाकील एवढे औषध दिले, तर जंतू मरतो. मरणार नाही, पण त्रास होईल इतकेच रोज दिले, तर जो थोडा चिवट असतो तो तगतो आणि त्याचीच प्रजा वाढते. टेट्रासायक्लिन हे जंतूच्या पेशीतील प्रथिने घडविणाऱ्या यंत्रात, रायबोसोममध्ये, अडकून बसते आणि त्याचे काम बंद पाडते. यावर जंतूंनी दोन तोडगे काढले. पहिला, औषध आत आले की लगेच बाहेर फेकणारा पंप. हा पंप बोस्टनचे स्टुअर्ट लेव्ही यांच्या प्रयोगशाळेने १९८० साली दाखविला. दुसरा, रायबोसोमवर पहारा बसविणारे एक प्रथिन. याहून विलक्षण म्हणजे हे तोडगे सांगणारी जनुके प्लास्मिड नावाच्या लहानशा कड्यावर असतात, आणि एक जंतू ते कडे दुसऱ्या जातीच्या जंतूस देऊ शकतो. आमांशाच्या जंतूंत ही देवघेव होते, हे जपानी शास्त्रज्ञांनी १९५९ च्या सुमारास प्रथम पाहिले. कोंबडीच्या आतड्यातील निरुपद्रवी जंतूने शिकलेली विद्या माणसाच्या रोगजंतूला अशी अनायासे मिळते. जंतूंच्या जगात गोठा आणि घर यांच्यामध्ये भिंत नाही.

इंग्लंडमध्ये १९६० नंतरच्या वर्षांत वासरांत औषधांस न जुमानणारे साल्मोनेला पसरले आणि त्यांची लागण माणसांसही झाली. सरकारने नेमलेल्या स्वान समितीने १९६९ साली अहवाल दिला, की माणसांच्या उपचारास लागणारी प्रतिजैविके वाढीसाठी खाद्यात घालू नयेत. कारखानदार म्हणत, पुरावा कोठे आहे? तो पुरावा लेव्ही यांनी १९७६ साली दिला. बोस्टनजवळच्या एका शेतावर त्यांनी तीनशे पिले आणली. निम्म्यांच्या खाद्यात थोडे ऑक्सिटेट्रासायक्लिन घातले, निम्म्यांस साधे खाद्य दिले. आठवड्याभरात औषध खाणाऱ्या पिलांच्या आतड्यातील जंतू औषधास जुमानीनासे झाले. काही आठवड्यांत ते कधीही न दिलेल्या इतर प्रतिजैविकांसही पुरून उरू लागले, कारण एकाच प्लास्मिडवर अनेक तोडगे असतात. सहा महिन्यांच्या आत त्या शेतावर राहणाऱ्या कुटुंबाच्या पोटातही तसेच जंतू वाढले. शेजाऱ्यांत मात्र ते फारसे आढळले नाहीत. त्या माणसांनी औषधाची एक गोळीही घेतली नव्हती. खाद्यातील औषध बंद केल्यावर त्या जंतूंचे प्रमाण उतरले, हीही नोंद लेव्हींनी केली आहे.

एवढे स्पष्ट असूनही निर्णय व्हावयास अनेक वर्षे लागली. युरोपीय संघाने वाढीसाठी प्रतिजैविके देणे १ जानेवारी २००६ पासून पूर्ण बंद केले. ज्या अमेरिकेतून ही प्रथा निघाली, तेथे महत्त्वाच्या प्रतिजैविकांचा असा वापर जानेवारी २०१७ मध्ये थांबला. भारताने जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन या औषधाचा मांस व अंडी देणाऱ्या प्राण्यांतील वापर बंद केला. दुसरी औषधे हरल्यानंतर डॉक्टर ज्याच्याकडे वळतात, ते हे कोलिस्टिन. त्यास न जुमानणारे जनुक प्लास्मिडवरून फिरत असल्याचे २०१५ साली चीनमधील डुकरे, मांस आणि रुग्ण या तिहींत दिसून आले होते.

इकडे नवी औषधे शोधण्याचे काम पुन्हा पर्ल रिव्हरलाच सुरू झाले, ही योगायोगाची गोष्ट. लेडर्लीतच पूर्वी तयार झालेल्या मिनोसायक्लिनला तेथील रसायनज्ञांनी एक लांब शेपूट जोडले. त्यामुळे रेणू अवजड झाला, जुन्या पंपाला तो उचलून फेकता येईना आणि रायबोसोमवरचा पहारेकरीही त्याला हटवू शकेना. हे टिगेसायक्लिन. पुढे ती प्रयोगशाळा वायेथ कंपनीकडे गेली आणि २००५ साली औषधास मान्यता मिळाली. ज्या संस्थेतून पहिले टेट्रासायक्लिन निघाले आणि कोंबडीच्या खाद्यात ते घालण्याची युक्तीही निघाली, त्याच संस्थेने साठ वर्षांनी त्या युक्तीच्या परिणामांवर उतारा काढला. हे औषध प्राण्यांस देत नाहीत; ते केवळ रुग्णालयातील गंभीर रुग्णांसाठी राखून ठेवलेले आहे.

तरीही २०१९ साली चिनी शास्त्रज्ञांना डुकरे व कोंबड्या यांच्यातील जंतूंत टेट-एक्स-४ नावाचे जनुक सापडले. हे जनुक टिगेसायक्लिनचा रेणूच मोडून टाकते, आणि तेही प्लास्मिडवर बसून हिंडते. प्राण्यांस टिगेसायक्लिन दिलेलेच नव्हते. पशुखाद्यातील जुन्या टेट्रासायक्लिनांच्या आश्रयाने हे जनुक टिकले व वाढले असावे, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. दरम्यान २०१८ साली याच घराण्यातील आणखी दोन औषधे आली, एरावासायक्लिन आणि ओमाडासायक्लिन. यांपैकी दुसरे ज्या कंपनीने तयार केले, तिच्या संस्थापकांत कोंबड्यांचा तो प्रयोग करणारे लेव्ही होते. या औषधांच्या रेणूंवर कडेचे भाग नवे बसविले आहेत. मधली चार कडी मात्र मिसुरीच्या शेतातील ए-३७७ ने गवताच्या मुळाशी जोडली होती, तीच आहेत.